जुन्या आउटबोर्डचे हायड्रॉलिक होज बदलताना

आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाचा, जुना होज (दाबाखालचं तेल नेणारी लवचिक नळी) उतरवणं हे पाना लावण्यापुरतं काम आहे. बिघडतं ते तीन ठरावीक जागी. नव्या होजचं टोक जुन्या बैठकीत नीट बसत नाही, इंजिनाच्या पूर्ण हालचालीत होज कुठेतरी ताणला किंवा घासला जातो, नाहीतर यंत्रणेत हवा राहते. यातल्या पहिल्या दोन चुका टाळण्यासाठी लागणारी सगळी माहिती जुन्या होजवरच असते. म्हणून नवा होज बसून, चालवून, खात्री होईपर्यंत जुना फेकू नका.

या लेखात दोन यंत्रणांचे होज आहेत. पहिली हायड्रॉलिक स्टिअरिंगची: स्टिअरिंगच्या चाकामागचा हेल्म पंप, तिथून मागे जाणारे दोन होज आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूचा सिलिंडर. दुसरी पॉवर ट्रिम आणि टिल्टची: विजेवर चालणारा पंप, तेलाची टाकी आणि इंजिन वरखाली करणारे सिलिंडर. बऱ्याच जुन्या आउटबोर्डमध्ये ट्रिमचा पंप बोटीच्या आत वेगळा बसवलेला असतो आणि त्याचे होज ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या, फळीतून बाहेर येतात. नंतरच्या बहुतेक इंजिनांत पंप इंजिनाला बोटीवर धरणाऱ्या ब्रॅकेटच्या पोटातच गेला. अशा इंजिनाला ट्रिमचे रबरी होज बहुधा नसतातच, त्यामुळे तिथे तेल दिसलं तर आधी सिलिंडरच्या सीलवर संशय घ्या.

गळती नेमकी कुठून आहे

तेल होजवरून ओघळतं म्हणून होज फुटला असं नसतं. सिलिंडरच्या रॉडच्या सीलमधून आलेलं तेल होजवर उतरतं, होजच्या सगळ्यात खालच्या बाकापर्यंत (वळणापर्यंत) जातं आणि तिथून ठिबकतं. सगळा भाग डीग्रीझरने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग होजवर, नटांवर आणि रॉडच्या तोंडाशी टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरा. एकाने चाक एका टोकापर्यंत फिरवून थोडा जोर धरून ठेवावा, दुसऱ्याने लांबून बघावं. पुडीवर ओला डाग जिथे आधी उमटतो, तिथे गळती.

यात हात घालायचा नाही. दाबाखालच्या होजच्या सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीत शिरते, आणि त्यासाठी ७ बारइतका दाबही पुरतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि आत तेल पसरत राहतं. असं झालं तर मलमपट्टी करून वाट पाहू नका. ताबडतोब रुग्णालयात जा आणि दाबाखालचं तेल शिरलं आहे हे स्पष्ट सांगा, कारण यावर बहुतेकदा तातडीने शस्त्रक्रिया लागते. धार शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून शोधा.

होज बदलायलाच हवा अशी लक्षणं:

- बाकावर आडव्या चिरा, विशेषतः ज्यांतून आतली वीण दिसते. ऊन आणि ओझोन यांनी रबर कडक झाल्याची ही खूण.
- फेरूलपाशी, म्हणजे होजच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीपाशी, गंज किंवा तिथून पाझरणारं तेल.
- कुठेही फुगवटा किंवा मऊ पडलेली जागा.
- होजभर ओलसरपणा, पुसला की पुन्हा येणारा.
- पोचा पडलेला किंवा मुरडलेला भाग, जो हाताने सरळ केला तरी पुन्हा तसाच होतो.

तारेच्या विणीचा होज खाऱ्या पाण्यात वेगळ्या तऱ्हेने फसवतो. बाहेरच्या रबराला एक बारीक चीर पडते, त्यातून पाणी आत शिरतं, तार रबराखाली गंजत जाते आणि वरून काहीच दिसत नाही. होजवरून बोट फिरवताना रबराखाली खरखरीत, दाणेदार लागलं तर आत गंज आहे असं समजा आणि तो होज बदला.

एक बिघाड बाहेरून अजिबात दिसत नाही. आतली नळी विणीपासून सुटते आणि तिची लोळी तेलाच्या वाटेत झडपेसारखी उभी राहते. मग स्टिअरिंग एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड होतं, किंवा इंजिन वर झटकन जातं पण खाली यायला वेळ लावतं. पंप आणि सिलिंडर बदलूनही दोष जात नाही, असे बरेच जण याच जागी अडकतात. उतरवलेल्या होजमधून दोन्ही दिशांनी कोरडी हवा फुंकून पाहा, दोन्हीकडून सारखी जायला हवी. होजचं दुसरं टोक या वेळी फडक्यात धरा, आतलं तेल उडतं.

तेलही बघा. दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. काळे बारीक कण होज किंवा सील आतून झिजल्याचे. चमकणारा धातूचा चुरा दिसला तर पंपाकडे लक्ष द्यावं लागेल, आणि तो न पाहता नवे होज लावले तर तोच चुरा त्यांत जाईल.

एकच होज गळत असला तरी जोडी बदला. दोघांचं वय, ऊन आणि दाब सारखेच असतात, आणि हवा काढण्याचं काम तसंही पूर्ण यंत्रणेचं करावं लागतं.

नवा होज मागवण्याआधीची मापं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जुना होज बोटीवर असतानाच फोटो काढा: दोन्ही टोकं, मधला मार्ग, प्रत्येक क्लिप. मग दोन्ही टोकांना रंगीत टेप बांधा, म्हणजे कोणता होज कोणत्या छिद्रात जातो हे नक्की राहील. स्टिअरिंगचे होज अदलाबदल झाले तर चाक उजवीकडे फिरवल्यावर बोट डावीकडे जाते. ट्रिममध्ये अदलाबदल आणखी वाईट, कारण वर आणि खाली या दोन बाजूंच्या रिलीफ व्हॉल्व्हचे (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपांचे) दाब वेगवेगळे ठेवलेले असतात.

लांबी मोजताना होजच्या टोकापासून टोकापर्यंत नव्हे, बैठकीपासून बैठकीपर्यंत मोजा, आणि तीही होजच्या बाकावरून दोरी लावून. दाब आला की होजची लांबी बदलते. एक पदरी तारेच्या विणीच्या एसएई १००आर१ होजला (एसएई ही प्रमाणं ठरवणारी अभियंत्यांची संस्था) प्रमाणानुसार ४ टक्के आखूड आणि २ टक्के लांब होण्याची मुभा आहे. म्हणजे १ मीटरचा होज ४ सेंटीमीटरपर्यंत आखूड होऊ शकतो. ताणून बसवलेला होज यामुळेच फेरूलपाशी निकामी होतो. जुना होज फेरूलजवळ फाटला असेल तर तो बहुधा आखूड होता, आणि त्याच लांबीचा नवा घेतला तर तोही तिथेच जाईल. मधोमध घासला असेल तर उलट, तो लांब होता किंवा क्लिप सुटली होती.

टोकाला कोपरा असेल तर दोन टोकांच्या कोनांमधला फरकही नोंदवा. एका टोकाचा कोपरा वर आणि दुसऱ्याचा डावीकडे असा होज चुकीच्या कोनात क्रिम्प झाला (टोक दाबून बसवलं गेलं), तर बसवताना पीळ पडतो, आणि पीळ पडलेला होज दाब आला की स्वतःला सरळ करताना नट ढिला करतो.

आता आटे. व्हर्नियरने बाहेरचा व्यास आणि पिच गेजने आट्यांची संख्या मोजा. ३७ अंशांच्या जेआयसी जोडात (शंकूवर सील होणारा एक प्रमाणित जोड) ४ नंबरला ७/१६ इंच व्यास आणि इंचाला २० आटे, ६ नंबरला ९/१६ आणि १८. हा नंबर होजच्या आतल्या व्यासाचे इंचाचे सोळावे भाग सांगतो, म्हणून ४ म्हणजे पाव इंच. पाईप आट्यांत १/८ ला २७ आणि १/४ ला १८ आटे असतात, आणि ते निमुळते असतात. जपानी इंजिनांवर बहुधा मेट्रिक आटे सापडतात.

जो घोटाळा वारंवार होतो तो असा: ७/१६-२० हेच आटे ३७ अंशांच्या जेआयसीला आहेत आणि ४५ अंशांच्या एसएई फ्लेअरलाही. १/२-२० चंही तसंच. नट छान फिरतो, घट्ट बसतो, आणि तरी पाझरतो, कारण दोन शंकूंचे कोन जुळत नाहीत. माणूस मग आणखी जोर लावतो आणि बैठक चिरडते. म्हणून आटे जुळले तरी शंकूचा कोन मापकाने तपासा, किंवा होज बनवणाऱ्याकडे जुना होज नमुना म्हणून द्या. ओ-रिंगचा जोड असेल तर आटे सरळ असतात आणि मानेखाली रिंग बसण्याची खाच दिसते.

कोणता होज घ्यायचा

पंपाचा रिलीफ दाब मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, होजचा कार्यदाब त्यापेक्षा जास्त हवा. प्रचलित स्टिअरिंग पंपांचा रिलीफ व्हॉल्व्ह साधारण १००० पीएसआयला (चौरस इंचाला पौंड) उघडतो, काहींचा १५०० ला. ट्रिमचा दाब त्याहून बराच जास्त असू शकतो. पाव इंची १००आर१ होजचा कार्यदाब सुमारे २७५० पीएसआय, तर दोन पदरी १००आर२ चा सुमारे ५०००. होजवर छापलेला आकडा कार्यदाबाचा आहे की फुटण्याच्या दाबाचा, हे पाहून घ्या. या होजमध्ये फुटण्याचा दाब कार्यदाबाच्या चौपट धरलेला असतो.

जास्त दाबाचा म्हणजे जास्त चांगला असं मात्र नाही. दोन पदरी होज कडक असतो. इंजिन वळताना आणि उचलताना त्याला सतत वाकायचं असतं, आणि कडक होज सिलिंडरच्या जोडावर तरफेसारखा जोर देतो. स्टिअरिंगसाठी सिंथेटिक विणीचा, त्या यंत्रणेसाठीच बनवलेला होज सर्वांत योग्य: लवचिक असतो आणि आत गंजायला तार नसते. फेरूल आणि नट शक्यतो ३१६ स्टेनलेस स्टीलचे घ्या. जस्ताचा मुलामा दिलेलं साधं स्टील खाऱ्या पाण्यात लवकर हार मानतं.

नव्या होजवरची तारीख वाचा. ३क्यू२२ अशी खूण असेल तर तो २०२२ च्या तिसऱ्या तिमाहीतला. एसएईच्या जे१२७३ शिफारशीत न वापरलेल्या होजचं साठवणुकीचं वय ४० तिमाही, म्हणजे १० वर्षं धरलं आहे. गोदामात आठ वर्षं पडलेला होज कागदोपत्री चालतो, पण पैसे देऊन जुना होज बसवण्यात काय अर्थ?

इंधनाचा होज आणि वर्म ड्राइव्ह क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) हा तात्पुरता उपाय म्हणूनही चालणार नाही. पहिल्याच जोरदार वळणाला तो निसटतो, आणि तेव्हा बोट वेगात असते.

होज कापताना आत रबराचा आणि धातूचा चुरा पडतो. क्रिम्प करणाऱ्याला आतून स्वच्छ करून, दोन्ही टोकांना टोप्या लावून द्यायला सांगा. त्या टोप्या अगदी जोडण्याच्या क्षणीच काढा.

हाताशी ठेवायचं सामान

- फ्लेअर नटचे पाने, योग्य मापाचे, आणि जोडाचा मागचा भाग धरायला दुसरा पाना
- टॉर्क पाना, ५ ते ५० न्यूटन-मीटरच्या टप्प्यातला
- नव्या ओ-रिंग, तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराच्या
- छिद्रं बंद करायला प्लास्टिकच्या टोप्या आणि बुचं
- निमुळत्या आट्यांसाठी पीटीएफई असलेली पेस्ट
- पारदर्शक नळी, दोन स्वच्छ बरण्या, धागे न सुटणारं फडकं
- तेल: एका चाकाच्या आणि एका सिलिंडरच्या स्टिअरिंगला हवा काढण्यासकट साधारण २ लिटर
- डोळ्यांना चष्मा, नायट्राइल हातमोजे

तेलाबद्दल थोडं थांबू. स्टिअरिंगला आयएसओ व्हीजी १५ वर्गाचं पातळ हायड्रॉलिक तेल किंवा एमआयएल-एच-५६०६ प्रमाणाचं तेल लागतं. ट्रिमसाठी बऱ्याच जपानी इंजिनांना डेक्सरॉन प्रकारचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड सांगितलेलं असतं, इतर कंपन्यांचं स्वतःचं तेल असतं. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये जे आहे तेच घाला. ब्रेक ऑइल कधीच नाही. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं, खनिज तेलासाठी बनवलेली सील त्यात फुगतात, आणि मग होजसोबत पंप आणि सिलिंडरही उघडावा लागतो.

उतरवणं

किल स्विचची दोरी काढा, बॅटरीची ऋण तार आधी सोडा.

ट्रिमचं काम असेल तर इंजिन पूर्ण खाली ठेवूनच करता येईल का ते पाहा, तीच सुरक्षित स्थिती. खालच्या जोडांपर्यंत पोचण्यासाठी इंजिन वर हवंच असेल तर बॅटरी सोडण्याआधी ते वर घ्या, टिल्ट लॉक लावा आणि त्यावर भिस्त न ठेवता लाकडी ठोकळा किंवा चेन ब्लॉकचा आधार द्या. मग हाताने उघडायचा रिलीफ व्हॉल्व्ह डावीकडे हळूहळू सोडा, म्हणजे वजन आधारावर बसेल आणि तेलातला दाब उतरेल. तीन-चार फेऱ्या पुरतात. काही इंजिनांत हा स्क्रू एका सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या कडीने) अडवलेला असतो, अडल्यावर जोर करू नका. होज सुटला की तेल इंजिनाला धरून ठेवणार नाही, हे पूर्ण वेळ लक्षात असू द्या. मोठ्या आउटबोर्डचं वजन दीडशे किलोच्या पुढे सहज जातं.

स्टिअरिंगसाठी इंजिन मध्यावर आणा.

प्रत्येक जोडाखाली भांडं ठेवा. पाण्यात उभ्या बोटीवर हे काम करत असाल तर शोषक पॅड आधीच पसरा, तेलाचा थेंब पाण्यात जाता कामा नये. नट पाव फेरी सोडा आणि थांबा. उरलेला दाब असेल तर तेल सावकाश पाझरून जाईल. दुसऱ्या पान्याने सिलिंडरचा जोड घट्ट धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर जोडच फिरतो आणि ॲल्युमिनिअमचे आटे घेऊन बाहेर येतो.

नट अडला असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल लावून रात्रभर ठेवा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनिअम यांच्यामध्ये साचलेला पांढरा क्षार हेच कारण असतं, आणि त्यावर वेळच काम करते. नट थोडा घट्ट, थोडा सैल असा मागेपुढे करा. होज आणि पेट्रोल जवळ असताना ज्योत लावू नका. जुना होज तसाही जाणार आहे, म्हणून अगदीच नाइलाज झाला तर होज फेरूलमागे कापा. मग सरळ सॉकेट नटावर बसतो आणि त्याने उघड्या पान्यापेक्षा कितीतरी चांगली पकड मिळते.

होज निघाला की छिद्राला लगेच बुच लावा. चिंधी किंवा टिश्यू कोंबू नका, एक धागाही चेक व्हॉल्व्हच्या (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या) बैठकीत अडकला तर स्टिअरिंग सरकत राहतं. बैठक स्वच्छ फडक्याने पुसा आणि उजेडात बघा. शंकूवर आडवी खाच किंवा चरा असेल तर तो जोडही बदला.

कोरडी जुळवणी

तेल भरण्याआधी होज हाताने घट्ट करून जागेवर ठेवा आणि इंजिन चारही टोकांना नेऊन पाहा: खाली-डावीकडे, खाली-उजवीकडे, वर-डावीकडे, वर-उजवीकडे. स्टिअरिंगसाठी हेल्मकडची टोकं सोडून भांड्यात ठेवा, म्हणजे सिलिंडर हाताने हलेल. चारपैकी एका टोकाला, बहुधा वर आणि पूर्ण वळवलेल्या स्थितीत, होज ताणला जातो किंवा ट्रान्समच्या कडेला चिमटतो. तेल भरल्यावर हे कळलं तर सगळं काम पुन्हा.

फेरूलनंतर होज लगेच वाकू देऊ नका. बाहेरच्या व्यासाच्या दुप्पट लांबी तरी सरळ हवी, मग बाक. बाकाची किमान त्रिज्या होजच्या माहितीपत्रकात असते. पाव इंची १००आर१ ला ती १०० मिलिमीटर आहे. होजवर छापलेली अक्षरांची ओळ ही तुमची खूण. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिसली पाहिजे. दोरीसारखी गुंडाळत गेली असेल तर पीळ आहे.

हलणाऱ्या भागावर झिप टाय आवळू नका. जिथे टाय, तिथेच होज वाकायला लागतो आणि तिथेच तुटतो. स्थिर भागाला रबर लावलेल्या पी-क्लिपा, आणि फळीतून जाताना ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारं रबरी कडं). जुना होज जिथे घासला होता तिथे नव्यावर नायलॉनचं आवरण चढवा, पण आधी घासण्याचं कारण दूर करा.

घट्ट करणं

जेआयसी किंवा फ्लेअरच्या आट्यांना पेस्ट किंवा टेप लावायची नाही. तिथे सील शंकूवर होतं, आट्यांवर नाही. ओ-रिंगच्या जोडाला रिंगवर त्याच तेलाचं बोट फिरवा. निमुळत्या पाईप आट्यांना पेस्ट लावा, पहिले दोन आटे मोकळे सोडून. टेफ्लॉन टेप हायड्रॉलिकमध्ये कुठेच नको, तिचे तुकडे सुटतात आणि व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

पहिल्या तीन-चार फेऱ्या बोटांनीच. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके चढले आहेत. मग होज एका हाताने सरळ धरून टॉर्क पाना लावा. स्टीलच्या जेआयसी ४ नंबरला सुमारे १५ न्यूटन-मीटर, ६ नंबरला सुमारे २५. स्टिअरिंग सिलिंडरच्या जोडांना बहुतेक ठिकाणी २० च्या आसपास. मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तो माना. पितळी आणि ॲल्युमिनिअमचे भाग कमी जोर सोसतात. शेवटी नट आणि जोड यांच्यावरून रंगाच्या पेनने एक सरळ रेघ ओढा.

स्टिअरिंगमधली हवा काढणं

दोन माणसं लागतात. हेल्मच्या भरण्याच्या छिद्राला पारदर्शक नळी जोडून तेलाची बाटली उलटी लावा आणि तिच्या बुडाला छोटं भोक पाडा, म्हणजे हवा जाऊन तेल उतरेल. नळीत तेल कधीही संपू देऊ नका. हेल्मने एक घोट हवा गिळली तरी सुरुवातीपासून करावं लागतं. सिलिंडरचे ब्लीडर (हवा सोडायचे स्क्रू) वरच्या बाजूला आहेत याची खात्री करा, खाली असतील तर हवा वरच अडकून राहील.

१. चाक उजवीकडे अगदी शेवटपर्यंत फिरवा.

२. चाक उजवीकडे पूर्ण फिरल्यावर सिलिंडरचा जो कप्पा सर्वांत लहान झाला आहे, त्या बाजूचा ब्लीडर उघडा आणि त्यावर नळी लावून ती बरणीत सोडा. कप्पा लहान, म्हणून त्यात हवाही कमी उरते. या क्रमामागचं कारण हेच.

३. सिलिंडरचा सरकणारा भाग दुसऱ्या माणसाने घट्ट धरावा. आता चाक डावीकडे फिरवत राहा. तेल आणि बुडबुडे ब्लीडरमधून येतील. काहीच आलं नाही तर चुकीचा ब्लीडर उघडला आहे.

४. बुडबुड्यांशिवाय सलग धार येऊ लागली की चाक फिरत असतानाच ब्लीडर बंद करा. त्यानंतर सिलिंडर सोडा. आधी सोडला तर तो हवा आत ओढतो.

५. चाक डावीकडे शेवटपर्यंत न्या आणि दुसऱ्या ब्लीडरला हेच सगळं उलट दिशेने करा.

एका बाजूला जवळजवळ एक बाटली लागते, म्हणून तेल कमी पडणार नाही एवढं आधीच आणा. दोन ठिकाणी चाकं असतील तर आधी वरच्या हेल्मवरून पूर्ण क्रम, मग खालच्यावरून. चाक भरभर फिरवू नका, तेल फेसाळतं आणि बुडबुडे बारीक होऊन त्यातच तरंगत राहतात. फेस दिसला तर तासभर थांबा.

ट्रिमची हवा

इथे ब्लीडर बहुधा नसतो, यंत्रणा हालचालीतून स्वतःच हवा टाकीकडे ढकलते. सर्वात आधी हाताने उघडलेला रिलीफ व्हॉल्व्ह घट्ट बंद करा. हे विसरलं की पंप घरघरतो, इंजिन जागचं हलत नाही, आणि माणूस पंप निकामी झाला म्हणून खोलायला घेतो.

टाकी भरा, झाकण लावा, इंजिन वर घ्या आणि पुन्हा खाली. मोटर एका वेळी २०-३० सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका आणि मध्ये थंड होऊ द्या. पाच-सहा वेळा वरखाली करा, प्रत्येक वेळी इंजिन वर असताना लॉक लावून पातळी बघा. बहुतेक इंजिनांत पातळी इंजिन वर असतानाच मोजायची असते, कारण रॉड बाहेर आल्यावर त्याने सोडलेली जागा भरायला सिलिंडरमध्ये जास्त तेल जातं आणि टाकी सर्वात रिकामी होते. इंजिन खाली असताना टाकी उघडली तर तेल दाबाने अंगावर उडू शकतं. हालचाल झटके देत होत असेल तर अजून हवा आहे. गुळगुळीत होईपर्यंत करत राहा.

तपासणी

चाक एका टोकाला नेऊन थोडा जोर धरा, प्रत्येक जोड कोरडा आहे ना ते दुसऱ्याने बघावं. मग दुसरं टोक. टोकाला चाक स्पंजासारखं लागत असेल, किंवा जोर दिल्यावर सिलिंडर आणखी सरकताना दिसत असेल, तर हवा उरली आहे. हेल्ममधलं तेल भरण्याच्या छिद्राच्या कडेपासून १२ मिलिमीटर खाली असू द्या. ट्रिमसाठी इंजिन मधल्या स्थितीत सोडा, ब्रॅकेटवर खूण करा आणि दुसऱ्या दिवशी ते तिथेच आहे का पाहा. खाली आलं असेल आणि जोड कोरडे असतील तर दोष आत आहे: रिलीफ व्हॉल्व्हचा ओ-रिंग, चेक व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचं सील.

पहिली फेरी कमी वेगात, मोकळ्या पाण्यात, दोन्हीकडे पूर्ण वळणं घेऊन करा. परत आल्यावर तेलाची पातळी पुन्हा बघा. लपलेली हवा याच वेळी वर येते आणि पातळी थोडी उतरते.

दहा तास चालल्यावर नटांवरच्या रंगाच्या रेघा तपासा. रेघ तुटून दोन भागांत सरकली असेल तर नुसता नट आवळू नका. तो होज बहुधा पिळलेला आहे किंवा कुठेतरी ओढला जातोय. दाब उतरवा, जोड सोडा, अक्षरांची ओळ सरळ करा आणि मग पुन्हा टॉर्क लावा.